मंडळाच्या नावाने झालेली ती सही मागे घ्या
(आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र)

सन्माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

येत्या ३१ ऑक्टोबरला, शनिवारी, इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधील आपल्या गावच्या नदीकाठच्या बागेत होणाऱ्या हॅलोविन मेळ्याला परवानगी देऊ नये, अशी मागणी करणारा एक अर्ज गेल्या महिन्यात कौन्सिलकडे गेला. त्या अर्जाखाली चार संस्थांची नावे आहेत आणि त्यांतले तिसरे नाव आपल्या मंडळाचे आहे. हे मला मंडळाकडून कळले नाही. मेळ्याच्या एका स्वयंसेवक बाईंनी अर्जाची प्रत माझ्यासमोर ठेवली आणि शिक्क्यातल्या देवनागरी अक्षरांवर बोट टेकवून, हे तुमचेच मंडळ ना, असे विचारले. गेली तीन वर्षे त्यांच्या शेजारच्याच तंबूत, मंडळाच्या फलकाखाली, मी कांदाभजी तळत आले आहे. त्यामुळे नाही म्हणण्याची सोय नव्हती.

त्यानंतर मी कार्यवाहांना दोनदा लिहिले. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही आणि दुसऱ्याला "कार्यकारिणीचा निर्णय झालेला आहे" एवढे एका ओळीचे उत्तर आले. निर्णय झाला आहे हे मला ठाऊक होतेच, मला तो कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर घेतला हे हवे होते. १९ वर्षांच्या सभासदत्वात मंडळाबद्दल चारचौघांत लिहिण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, पण जी सही चारचौघांत झाली आहे तिच्याबद्दल कानात बोलून भागणार नाही.

या प्रकरणात माझा स्वार्थ काय, हे आधीच सांगते. मेळा भरवणाऱ्या मंडळींप्रमाणेच माझी २० वर्षांची लेक स्वतःला गॉथ म्हणवते. काळे कपडे, चांदीचे दागिने, आपण घालतो त्याच्या दुप्पट काजळ आणि चार बोटे जाड तळव्याचे बूट, असा तिचा वेश असतो, आणि तो हॅलोविनपुरता नसून बारा महिने असतो. आपल्यापैकी बहुतेकांनी तिला पाहिले आहे, कारण दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात पेटीची साथ तीच करते. तिच्या काळ्या रंगवलेल्या नखांकडे पाहून गेल्या वर्षी कार्यकारिणीतल्या एका सदस्यांनी तिला "जरा माणसांत येऊन बस" असे सांगितले होते. ती हसली आणि भूप वाजवायला बसली. मी मात्र ते वाक्य विसरले नाही, कारण चार वर्षांपूर्वी तिने पहिल्यांदा केस काळे-जांभळे करून घेतले तेव्हा मीही तिला जवळपास असेच काही बोलले होते आणि त्यानंतर आम्हा दोघींत बरेच दिवस अबोला होता. तेव्हा आपल्याला शहाणपण शिकवण्याचा अधिकार मला आहे असा माझा दावा नाही.

आता अर्जाकडे येते.

त्यात मेळ्याबद्दल "काळी जादू आणि अघोरी उपासनेचा प्रसार" असे शब्द इंग्रजीतून वापरले आहेत. माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार या शब्दांबद्दल आहे. कार्यकारिणीतल्या एकाही सदस्याने हा मेळा पाहिलेला नाही, असे मी खात्रीने म्हणते, कारण तीनही वर्षे तंबू लावण्यापासून रात्री तेलाचा डबा उचलेपर्यंत मी तिथे होते आणि आपल्यापैकी कोणी आले असते तर निदान भज्यांना तरी थांबले असते. तिथे काय असते ते सांगते. दुपारी दोन वाजता गावचा ब्रास बँड तोंडाला हाडांचे सांगाडे रंगवून वाजवायला उभा राहतो. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांसाठी त्याआधीचा एक तास शांत ठेवलेला असतो. हाताने शिवलेले अंगरखे, लेसच्या छत्र्या, मेणबत्त्या, जुनी पुस्तके आणि व्हिटबी या समुद्रकाठच्या गावच्या जेट नावाच्या काळ्या दगडाचे दागिने मांडलेले असतात. संध्याकाळी दोन स्थानिक बँड वाजवतात आणि साडेनऊला सगळे आवरते. जमलेला पैसा गरजूंना धान्य देणाऱ्या फूड बँकेला जातो. काळ्या झालरींच्या पोशाखावर पिवळी जाकिटे घातलेले स्वयंसेवक दुसऱ्या दिवशी सकाळी गवतातले कागदाचे कपटे वेचताना मी पाहिले आहेत. आपल्या गणेशोत्सवानंतर हॉलच्या मागच्या दाराशी द्रोण-पत्रावळींचा ढीग किती दिवस पडून होता, ते या ठिकाणी उगाळत नाही.

मेळ्याला दर वर्षी एक निवृत्त बसचालक येतात. उंच काळी टोपी, मखमली कोट, हातात चांदीच्या मुठीची काठी. २०२४ मध्ये मेळा २ नोव्हेंबरला होता, म्हणजे आपला पाडवा, म्हणून मी भज्यांबरोबर घरच्या चकल्या नेल्या होत्या. या गृहस्थांनी एक चकली उचलून उजेडाकडे धरली, तिचे काटे निरखले आणि ही वस्तू आमच्याच पंथाची दिसते, असे अत्यंत गंभीरपणे सांगून अर्धा डबा विकत घेतला. आपल्या अर्जातली अघोरी उपासना करणारी माणसे ती हीच.

ज्यांना गॉथ हा शब्द नवा आहे त्या वाचकांसाठी थोडे सांगणे भाग आहे. हा पंथही नव्हे आणि धर्मही नव्हे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये पंक संगीत ओसरू लागले तेव्हा त्यातून एक संथ, गडद, मृत्यू आणि विरह यांबद्दल मोकळेपणाने गाणारे संगीत निघाले आणि त्याच्याभोवती पोशाखाची आणि वागण्याची एक रीत तयार झाली. त्यात आपल्या यॉर्कशायरचा वाटा मोठा आहे. १९८० मध्ये निघालेला 'सिस्टर्स ऑफ मर्सी' हा बँड लीड्सचा. व्हिटबीला १९९४ पासून गॉथ मंडळी जमतात ती त्या गावाच्या 'ड्रॅक्युला'शी असलेल्या नात्यामुळे. 'ड्रॅक्युला'चे लेखक ब्रॅम स्टोकर १८९० च्या उन्हाळ्यात तिथे राहिले होते आणि १८९७ च्या त्या कादंबरीत ड्रॅक्युलाला आणणारे जहाज त्याच किनाऱ्याला लागते. आपल्या मंडळाची सहल व्हिटबीला गेली होती तेव्हा १९९ पायऱ्या चढून, धापा टाकत, त्या पडक्या मठासमोर आपण सर्वांनी सामुदायिक छायाचित्र काढले होते, ते अजून मंडळाच्या दिनदर्शिकेवर आहे. तिथला जेट हा काळा दगड म्हणजे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले लाकूड. १८६१ मध्ये पती गेल्यावर व्हिक्टोरिया राणीने उरलेले सर्व आयुष्य काळ्या कपड्यांत काढले आणि दुखवट्याचा दागिना म्हणून जेट घरोघरी गेला. म्हणजे माझी लेक जे काळे घालते ते कुठल्या अंधाऱ्या तळघरातून आलेले नाही, या देशाच्या दिवाणखान्यातून आलेले आहे.

आणि काळ्या रंगाचे आपल्याला इतके वावडे केव्हापासून? संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसून, हलव्याचे दागिने घालून आपल्याच हॉलमध्ये सुनांची आणि बाळांची कौतुके होतात. मी गुहागरकडची. शिमग्यात आमच्या खळ्यात सोंगे घेऊन नाचणारे खेळे येत, तेव्हा काळ्या झग्यातला, उंच टोपीचा, कमरेला घुंगरे बांधलेला संकासूर उड्या मारत पुढे येई आणि मी आईच्या पदराआड लपत असे. आई मला पुढे ढकलून म्हणे, अगं, पाया पड त्याच्या. आपल्या कार्यकारिणीतील दोन सदस्य गोव्याचे आहेत. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गल्लोगल्ली उभे राहणारे, लाल डोळ्यांचे, सुळे काढलेले नरकासुर त्यांनी लहानपणी बांधले नसतील असे मला वाटत नाही. त्या रात्रभर चालणाऱ्या ढणढणाटापुढे आमचा साडेनऊला झोपी जाणारा मेळा म्हणजे बालवाडी आहे. बंगालीत त्याच चतुर्दशीला भूतचतुर्दशी म्हणतात आणि चौदा दिवे लावतात. हॅलोविनच्या पाठोपाठ १ आणि २ नोव्हेंबरला ख्रिस्ती परंपरेत संतांचे आणि मृतांचे दिवस येतात, आणि पूर्वी इंग्लंडात त्या दिवसांत गोरगरीब दारोदार जाऊन मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या बदल्यात छोटे केक मागत. गच्चीवर कावळ्याला घास ठेवणाऱ्या माणसांना यात परके काय वाटावे, हे मला समजत नाही. ज्या महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, त्या महाराष्ट्राचे नाव सांगणाऱ्या संस्थेने शेजाऱ्याच्या कपड्यांवरून "काळी जादू" असे लेखी द्यावे, ही गोष्ट मला मराठी माणूस म्हणून लाजिरवाणी वाटते.

दुसरी तक्रार अर्जातल्या दोन विधानांबद्दल आहे आणि ती थोडक्यात उरकते. मेळा दिवाळीच्या आड येतो, असे आपण लिहिले आहे. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, मेळा ३१ ऑक्टोबरला. मध्ये आठवडा आहे. २०२४ मध्ये मात्र नरकचतुर्दशी आणि हॅलोविन खरोखरच एका दिवशी आले होते आणि त्या पहाटे माझ्या लेकीने अभ्यंगस्नान करून, कारीट इथे मिळत नाही म्हणून छोटी काकडी डाव्या अंगठ्याने चिरडून, मग बूट चढवले आणि ती मेळ्याच्या तयारीला गेली. आड कोणी आले नाही. आवाजाबद्दल म्हणाल, तर इंग्लंडमध्ये एरवी रात्री अकरानंतर फटाके उडवायला बंदी असताना २००४ च्या नियमांनी दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत मुभा दिलेली आहे. ही मुभा आपण दर वर्षी पुरेपूर वापरतो. आपल्या शेजाऱ्यांनी ती सोसायची आणि आपण त्यांच्या साडेनऊच्या गाण्यावर तक्रार करायची, हे कौन्सिलच्या टेबलावर कसे दिसेल याचा विचार सहीपूर्वी व्हायला हवा होता.

तिसऱ्या तक्रारीवर मला थांबून लिहावे लागेल.

अर्जात गॉथ तरुणांचा उल्लेख "मुलांसाठी धोकादायक घटक" असा केला आहे. ११ ऑगस्ट २००७ च्या पहाटे लँकेशायरमधील बेकप गावच्या स्टबीली पार्कमध्ये सोफी लँकेस्टर ही २० वर्षांची मुलगी आणि तिचा मित्र यांच्यावर किशोरवयीन मुलांच्या टोळक्याने हल्ला केला. दोघेही गॉथ वेशात होते. त्याखेरीज हल्ल्याला काही कारण नव्हते. मित्र बेशुद्ध पडला तेव्हा सोफीने त्याचे डोके मांडीवर घेतले, आणि मग लाथा तिला बसल्या. २४ ऑगस्टला ती गेली. तिच्या आईने, सिल्व्हिया लँकेस्टर यांनी, पुढची सगळी वर्षे शाळाशाळांतून फिरून मुलांना एकच गोष्ट समजावली, की वेगळे दिसणे हा गुन्हा नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी गॉथांसारख्या गटांवरील हल्ल्यांची द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंद करायला सुरुवात केली, ती या प्रकरणानंतरच्या प्रयत्नांतून. व्हिटबीला सोफीच्या नावाचा एक बाक आहे. आपल्या सहलीच्या दिवशी मी त्यावर बसले होते, आपल्यातल्या कोणी तिथे काय लिहिले आहे म्हणून विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. सांगायला हवे होते.

बेकपची ती मुले काही मनाने ठरवून आली नव्हती. असे दिसणारी माणसे विचित्र असतात, त्यांच्याबद्दल काहीही बोललेले चालते, हे त्यांनी मोठ्यांच्या तोंडून ऐकलेले असणार. "धोकादायक घटक" हे शब्द आपण ज्या कागदावर लिहिले, त्यावर आपला शिक्का आहे आणि तो कागद आता सार्वजनिक आहे.

आमच्या घरातली गोष्टही सांगते, कारण ती मंडळाला ठाऊक नाही. गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझी लेक बस थांब्यावर उभी असताना एका मोटारीतून तिच्यावर चिप्सवरच्या करी सॉसचे भांडे फेकण्यात आले. आधी तिच्या कातडीच्या रंगावरून शिवी आली, मग कपड्यांवरून. रात्री अकरा वाजता मी न्हाणीघरात तिचा काळा लोकरी कोट घासत बसले होते. काळ्यावर डाग दिसत नाही असे आपण म्हणतो, पण हळदीचा दिसतो. अस्तरावर तो पिवळा अजून आहे. तक्रार नोंदवताना तिला विचारले गेले, की हल्ला वंशावरून झाला असे लिहायचे की वेशावरून. या देशात वंश आणि धर्म यांवरून होणाऱ्या द्वेषाला कायद्याने वेगळे स्थान आहे, वेशाला देशभर तसे ते नाही. लेकीने वंश लिहायला सांगितले, कारण त्याला रकाना होता. ज्यांनी ते भांडे फेकले त्यांच्या लेखी मात्र एकच मुलगी उभी होती. त्यानंतर पुढचे दोन महिने मेळ्याचे स्वयंसेवक आळीपाळीने तिला संध्याकाळी घरापर्यंत सोडत असत. त्यांतल्या एकालाही मी तशी विनंती केलेली नव्हती. त्याच माणसांविरुद्ध माझ्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने सही केली आहे.

चौथी तक्रार कार्यपद्धतीची. मंडळाच्या घटनेप्रमाणे मंडळाच्या नावाने कुठल्याही शासकीय अथवा निमशासकीय संस्थेकडे जाहीर भूमिका मांडायची असेल, तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. असा ठराव झालेला नाही. एका सदस्यांनी व्हॉट्सॅपच्या गटावर मजकूर टाकला, सहा जणांनी अंगठे दाखवले आणि शिक्का उमटला, असे मला दोन सदस्यांनीच खासगीत सांगितले आहे. त्याच गटावर माझ्या लेकीचे मेळ्यातले छायाचित्र "हेच का आपले संस्कार" या ओळीसह फिरले, हेही मला कळले आहे. ते कोणी टाकले हे मी विचारणार नाही. छायाचित्रात तिच्या हातात काय आहे ते मात्र पुन्हा पाहावे. भज्यांचा झारा आहे. मंडळाचा तंबू सांभाळायला त्या दिवशी आम्हा मायलेकींखेरीज कोणी आले नव्हते.

जाता जाता एक खासगी वाटेल असे निरीक्षण. अध्यक्षांच्या दारात दर वर्षी कोरलेला भोपळा असतो आणि मागायला येणाऱ्या पोरांना चॉकलेटेही सढळ हाताने मिळतात. मला ते आवडते. भोपळा चालतो, मग त्या रात्रीची माणसे का चालत नाहीत, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे खरे उत्तर मला असे वाटते, की आपल्याला भीती भुताची नाही, आपली मुले तशी दिसू लागतील याची आहे. ही भीती मी ओळखते. ती माझ्या घरात राहून गेली आहे. तिचा निकाल घराच्या उंबऱ्याच्या आत लावायचा असतो, कौन्सिलकडे अर्ज करून नव्हे.

माझ्या मागण्या अशा आहेत. कौन्सिलची परवानग्यांची बैठक १८ सप्टेंबरला आहे. त्यापूर्वी मंडळाने आपली सही लेखी मागे घ्यावी आणि त्या पत्राची प्रत सर्व सभासदांना पाठवावी. "काळी जादू", "अघोरी" आणि "धोकादायक घटक" हे शब्द मंडळाचे नाहीत, असे त्यात स्पष्ट असावे. नुसते "काही गैरसमज झाला" म्हणून चालणार नाही. मेळ्याच्या आयोजकांकडे अध्यक्षांनी स्वतः जाऊन दिलगिरी व्यक्त करावी. ती माणसे मोठ्या मनाची आहेत, चहा पाजतील. विशेष सर्वसाधारण सभा बोलावून मंडळाच्या नावाने सही करण्याचा अधिकार कोणाला, याचा निकाल लावावा, आणि त्या सभेत मेळ्याला पाठिंबा द्यायचा की नाही हे मतदानाने ठरवावे. मत माझ्याविरुद्ध गेले तर मी ते मान्य करीन आणि पुढच्या वर्षी माझ्या नावाने तंबू लावीन. दिवाळी पहाटेला पेटीवर कोण बसणार हे गाण्याची समिती ठरवते. नखांच्या रंगाचा त्यात संबंध आणू नये. आणि व्हॉट्सॅप गटावरचे ते छायाचित्र काढून टाकावे.

मी राजीनामा देणार नाही. काही हितचिंतकांनी तसा सल्ला दिला होता, म्हणून सांगून ठेवते.

यंदाच्या तंबूचे भाडे मी भरले आहे. कढई, झारा आणि शेगडी माझी स्वतःची आहे, बेसन आणि कांदे त्या आठवड्यात घेईन. लेझीमच्या मुलींना संध्याकाळी पाचची वेळ मिळाली आहे आणि त्यांच्या आयांनी होकार कळवला आहे. मंडळाचा फलक तेवढा कोषाध्यक्षांच्या गॅरेजमध्ये आहे. तो ३० ऑक्टोबरला, शुक्रवारी, संध्याकाळी सहानंतर नेला तर चालेल का, ते कृपया कळवावे.

आपली,
एक आजीव सभासद